चौथ्या नंबरची लिनेट आणि आमची परात

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. बर्फावरून घसरत उतरायच्या शर्यतीत जी बाई एकेकाळी जगात चौथी आली होती, तिला या गोविंद मास्तरने हरवलंय. तेही पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, आणि बुडाखाली परात घेऊन.

हसा. आधी हसून घ्या, मग ऐका.

पुण्यात मी उभा जन्म भूगोल शिकवला. आता मी आणि मनोरमा ऑकलंडला, फ्लॅट बुशमध्ये लेकाकडे असतो. यशोधन आणि सूनबाई सकाळी मोटरवेवर गाडी घालतात ते दिवेलागणीलाच परत. नात ऋग्वेदा मात्र शाळेतून आली की माझी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. सिंहगडावर मी छत्रीने बिबट्या पळवला ती गोष्ट तिने इतक्यांदा ऐकलीय की बिबट्या थकला, ती नाही थकली. "देन व्हॉट, आबा?" एवढं ऐकण्यासाठी मी इथला बोचरा वारा सोसतो.

मग गेल्या दिवाळीत शेजारच्या घरात लिनेट राहायला आली.

साठी उलटलेली, रुंद खांद्यांची, डाव्या पायाने जराशी लंगडणारी. कुंपणावरून "किआ ओरा!" म्हणत तिने हात हलवला तेव्हा बरी वाटली होती मला. दोन दिवसांनी ऋग्वेदाचा चेंडू तिच्या गॅरेजमध्ये गेला, चेंडूमागे ऋग्वेदा गेली. चेंडू परत आला. नात काही आली नाही.

त्या गॅरेजमध्ये लिनेट लोकांच्या स्की दुरुस्त करते. कडांना धार लावते, तळाला मेण लावून वरून गरम इस्त्री फिरवते. मनोरमा बघून आली आणि म्हणाली, "अहो, फळ्यांना इस्त्री करते ती! तुमच्या शर्टांना एवढ्या मायेने नाही हो केली मी कधी."

आणि इस्त्री फिरवता फिरवता गोष्टी सांगते. बाप मेंढ्यांची लोकर कातरायचा. सुट्टीच्या दिवशी पोरीला डोंगरावर न्यायचा. दोरीला लोंबकळत वर, फळ्यांवरून खाली. सतराव्या वर्षी ही एकटी ऑस्ट्रियाला गेली. मोडक्या व्हॅनमध्ये झोपायची आणि गोठू नयेत म्हणून बूट पोटाशी घेऊन झोपायची. उतारावर तिचा वेग मोटरवेवरच्या गाडीहून जास्त. जगातल्या मोठ्या शर्यतीत चौथी आली, तिसरीच्या आणि हिच्यामध्ये पापणी लवण्याइतकंही अंतर नव्हतं. पदकं तिघींनाच. पुढच्याच हिवाळ्यात गुडघा फुटला, त्यात अजून स्क्रू आहेत. मग कितीतरी वर्षं रुआपेहू नावाच्या इथल्या बर्फाळ डोंगराच्या उतारावर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत राहिली. ती तिसरी आलेली बाई हिला दर नाताळात कार्ड पाठवते. लिनेट ते फ्रिजवर लावते, पण उलटं.

हे ऐकलं तेव्हा ती बाई मला आवडली. क्षणभरच.

कारण एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय बघतो, तर दोघी पायरीवर बसलेल्या, डोळे मिटलेले, तळहात माशासारखा हवेत डावीकडे, उजवीकडे. मनोरमाला वाटलं, प्राणायाम. कसला प्राणायाम! लिनेट ती जुनी शर्यत मनात पुन्हा उतरत होती आणि माझी नात तिच्या मागोमाग. मग मी रोज खिडकीशी उभा राहायला लागलो. वळणं रोज तीच, त्याच क्रमाने. माझ्या बिबट्याला कधी पिल्लं असायची, कधी नसायची.

रविवारी तिने मनोरमालाही पळवलं, अवोन्डेलच्या बाजारात. "गाडी काय झोकात वळवते हो!" म्हणत मनोरमा मेथीच्या जुड्या घेऊन आली. मला ती भाजी त्या दिवशी कडू लागली.

आणि मग शाळेत आजी-आजोबांचा दिवस आला. प्रत्येक मुलाने एक मोठं माणूस न्यायचं आणि त्याने वर्गाला गोष्ट सांगायची. मी नेहरू शर्ट बाहेर काढला.

"आय'म टेकिंग लिनेट," ऋग्वेदा म्हणाली.

"ती कुठे तुझी आजी लागते गं?"

"मिस सेड, एनी फानाऊ. फानाऊ म्हणजे आपली माणसं, आबा." मग हळूच, "ॲन्ड हर स्टोरीज आर ट्रू."

नेहरू शर्ट मुकाट कपाटात गेला. मी बरा मुकाट बसेन!

शाळेतल्या त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मनोरमाने लिनेटला थालीपीठ खायला बोलावलं होतं. ती लोणी लावून खाण्यात गुंग. मी मुद्दाम मराठीत सुरू केलं.

"ऋग्वेदा, एक गोष्ट मी आजवर बोललो नाही. लिनेटला वाईट वाटेल म्हणून."

"व्हॉट?"

"तिने एकदा मला गुपचूप रुआपेहूवर नेलं. म्हणाली, लाव शर्यत. तिच्याकडे स्की, माझ्याकडे आजीची परात."

"माझी परात?" मनोरमाचं उलथनं हवेतच राहिलं. "तरीच तिला पोचा आलाय!"

इतक्या वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलली. मला जोर चढला.

"बसलो परातीत, जँडल्सचे केले ब्रेक. पहिल्या वळणाला ती पुढे, दुसऱ्याला ती पुढे. तिसऱ्याला परात अशी गर्रकन फिरवली, असा बर्फ उडवला, की खाली उभ्या मेंढ्यांना वाटलं, कातरलेली लोकर परत आली!"

"देन व्हॉट, आबा?"

आलं! कित्ती दिवसांनी आलं!

"मग काय? तिची पापणी लवायच्या आत मी खाली."

ऋग्वेदाने लिनेटकडे वळून सगळं इंग्रजीत सांगितलं. मी लोणच्याच्या फोडीकडे बघत बसलो. लिनेटने बोटं पुसली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"खरंय," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "हरवलं त्याने मला. लाजेने बोलले नव्हते कुणाला."

ऋग्वेदाचे डोळे हे एवढे! उठून माझ्या खुर्चीला येऊन टेकली. "ओके आबा. टुमॉरो यू कम."

इथे मी तोंड मिटायला हवं होतं. पण पोरीने विश्वास ठेवला कशावर? माझ्या परातीवर नाही, मेंढ्यांवर नाही. त्या बाईच्या एका वाक्यावर! म्हणजे थापसुद्धा ती माझ्याहून चांगली मारते? कसं सोसायचं माणसाने?

"आणि जिंकलो कशाच्या जोरावर, माहितेय?" मी म्हणालो. "तिळगुळाच्या! संक्रांत होती ना त्या दिवशी. कडाक्याची थंडी, कमरेएवढा बर्फ, आणि खिशात तुझ्या आजीच्या तिळाच्या वड्या..."

खुर्चीला टेकलेली पोर बाजूला झाली. भुवया एकमेकींना भिडल्या. आणि मग ती चक्क मराठीत ओरडली, शेजारच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"खोटं! संक्रांतीला आपण बीचवर होतो, आबा! तू टॉग्ज घालून पोहत होतास! इथे संक्रांत उन्हाळ्यात येते, आणि तू जॉग्रफीचा सर होतास! लिनेट, यू टू! उद्या मी आजीलाच नेणार!"