नवमीला तुटलेला पाटा

नवमीच्या दिवशी गाडी काढू नका, असे बायकोने मला बजावले होते. तिने माझा जॅक, पाने, हातोडा सगळे पुसून चौरंगावर मांडले होते आणि वर झेंडूची माळ घातली होती. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्यारे उचलायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. पण मालकाने ट्रक भाड्याने देऊन टाकला होता. छप्पन साल होते. हिंगणघाटच्या महारवाड्यातली माणसे बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला निघाली होती, आणि सोहळा दुसऱ्या दिवशी सकाळीच होता. मी म्हटले, गाडी चालवायची आहे, दुरुस्त थोडीच करायची आहे? हत्यारे घरीच राहिली.

वाटेत जाम गावाच्या अलीकडे मागे कडाड् आवाज झाला आणि ट्रक उजव्या अंगाला बसला. वाकून पाहिले तर मागच्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, सगळ्यात वरचा, मोठा पाटा कडीजवळ तुटलेला. ज्याच्यावर सारी कमान टांगलेली असते, नेमका तोच. गाडी रखडत रखडत चौकात भैय्याजी मिस्त्रीच्या दुकानापुढे आणली. दुकानामागे लढाईच्या वेळचा एक मोडका मिलिटरी ट्रक पडून होता आणि त्याच्या कमानी शाबूत होत्या. मला हायसे वाटले. पण दुकानात त्याचीही हत्यारे हळदकुंकू लावून, माळ घालून मांडलेली!

"त्या ट्रकचा पाटा तुमच्या गाडीले बसते," भैय्याजी म्हणाला. "पण आज मी पान्याले हात लावत नाई. उद्या पूजा झाल्यावर."

"अन् डागडुजी?" मी विचारले.

"बाभळीचा ठोकळा घाला, वरून बैलाचा नाडा आवळा. त्याले हत्यार लागत नाई. गाडी हळूहळू हिंगणघाटले वापस जाईन. नागपूरले नाई जायची."

माझे मत डागडुजीचेच होते. मला गाडी धड घरी न्यायची होती. तरणी माणसे तर पायी निघायला तयारच झाली. प्रश्न होता भागीरथाबाईचा. म्हातारीचे गुडघे सुजलेले, तिला चार पावले टाकणे जड. तिचा मुलगा प्रेमदास मिलमध्ये यंत्रांना तेल घालायचा. तो म्हणाला, "माय, तू गाडीनं वापस जाय. मी चालत जातो."

"कुठी वापस जाऊ?" ती म्हणाली. "घरचे देव सकाळीच वेणा नदीत सोडून आली मी. रिकाम्या देव्हाऱ्यापुढं जाऊन बसू का?" मग ती भैय्याजीकडे वळली. "मिस्त्री, तुमाले हात लावता येत नाई. आमाले कोनाची आडकाठी? तुमी नुसतं सांगा. माहा पोरगा करन."

भैय्याजी मांडलेल्या हत्यारांकडे पाहू लागला. त्याला काय खुपत होते ते मला ठाऊक होते, कारण मलाही तेच खुपत होते. पूजेतली हत्यारे, आणि त्यांचा हात! मघाशी त्यांनी पाणी मागितले, तेव्हा त्याने ते वरून ओंजळीत ओतले होते. चौकातले चार रिकामटेकडेही आता येऊन उभे राहिले.

"नाडाच बांधू, मिस्त्री," मी म्हटले. "कशाले भानगड?"

तो तुटलेल्या पाट्याकडे पाहत राहिला. मग प्रेमदासला म्हणाला, "घे. पण काम झालं की खाली ठेवजो. माह्या हातात देऊ नको."

प्रेमदासने माळ अलगद बाजूला केली. भैय्याजी खाटेवर हाताची घडी घालून बसला आणि तिथून सांगू लागला. जॅक इथे लाव, गाडी जराशी उचल, तो नट आधी. मिलिटरी ट्रकचा पाटा निघाला, आमच्या कमानीत बसलाही. प्रेमदासचे तळवे कुंकवाने आणि ग्रीसने लाल-काळे झाले. शेवटी नट कसताना मात्र पाना सारखा सटकू लागला. भैय्याजी खाटेवर चुळबुळत होता.

"तिरपा धरू नको! अबे, असं नाई!"

तो ताडकन उठला आणि त्याने प्रेमदासच्या हातातून पाना ओढून घेतला. सरळ हातातून. सगळे नट त्याने स्वतःच आवळले, अंगाचे वजन टाकून. कमरेत ताठ झाला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला.

प्रेमदासने आईला उचलून ट्रकमध्ये बसवले. वरून तिने विचारले, "मिस्त्री, हत्यारं धुऊन देऊ का?"

"पाण्यानं धुतली तर गंजतील," तो म्हणाला. पाना अजून त्याच्या हातातच होता. "वापस येताना थांबजा. पाटा बदलला की गाडी थोडी चालल्यावर नट अजून एकदा कसावे लागतात."

"वापस येऊ तवा आमी महार राहणार नाई, मिस्त्री."

"नट तर तेच राहतील ना," भैय्याजी म्हणाला.

मी गाडी नागपूरकडे काढली.