एकोणतीस किलोंची तूट

भावोजींची नखं स्वच्छ होती. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

भट्टी विजेवर तापायची. लालभडक नळीत मिथेन वायू सोडला की त्याची फोड व्हायची. हलका हायड्रोजन वरून टाक्यांत जायचा, जड काजळी खाली पोत्यांत पडायची. जळायचं काहीच नाही, म्हणून धूरही नाही. पोती तोलायचं काम तिचं. आधीच्या म्हाताऱ्या तोलणारीनं तिला गाण्यातच हिशेब शिकवला होता:

‘चार भार घातले, तीन भार काळे,
एक गेला उडून बाई, त्याला नाही टाळे.’

आज चारशे किलो वायू गेला, म्हणजे काजळी तीनशे हवी. काट्यावर दोनशे एकाहत्तर भरली. तीन दिवस असंच. आणि ‘धूर सोडला नाही’ या कागदावर सही तिचीच.

नळीला चिकटलेली काजळी लांब सळईनं खरवडायची, हे भट्टीवाल्याचं, म्हणजे भावोजींचं काम. खरवडणाऱ्याची नखं आठवडाभर उजळत नाहीत. आणि भावोजींची ही अशी!

दुपारी त्यांनी वायू बंद केला. सळई कोपऱ्यात तशीच उभी. तिनं गुपचूप धुराड्याची तोटी उघडून चुन्याच्या निवळीत बुडबुडे सोडले. निवळी दुधासारखी झाली, म्हणजे आत काहीतरी जळत होतं.

“भावोजी, खरवडण्याऐवजी नळीत हवा सोडून काजळी जाळता ना?”

“मेहुणीबाई, तुमच्या श्वासानंही निवळी पांढरी होते.”

“तोंड फिरवून धरली होती.”

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच विझलं. उजवा हात उचलून दाखवला. छातीच्या वर येईना.

“ताईला ठाऊक आहे?”

“तिला सांगितलं तर उद्याच घरी बसवेल. तू सही कर गं, एवढं सांभाळून घे.”

ताईच्या नवऱ्याची नोकरी एकीकडे, कागद दुसरीकडे. मग तिनं ‘धूर सोडला नाही’वर काट मारली, लिहिलं, ‘तूट एकोणतीस किलो, काजळी नळीत जाळली’, आणि खाली सही केली.

तिनं कोपऱ्यातली सळई उचलली.

“साहेबांना मीच सांगते. नळी मी खरवडीन, काट्यावर तुम्ही बसा. त्याला एक हात पुरतो.”

“माझ्यावर भरवसा ठेवशील?”

“पोती तुम्ही ठेवा,” ती म्हणाली. “आकडा मी वाचीन.”