भरून ठेवलेली सिरिंज

इझाबेलने खोक्यातल्या इंजेक्शनच्या काचा टेबलावर काढल्या आणि चौथ्यांदा मोजल्या. थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणाऱ्या पोटॅशियमची एक कमी होती. पाण्याची एक जास्त. दोन्ही काचा दिसायला सारख्याच, अक्षरंही तेवढीच बारीक. आकडा काही बदलत नव्हता.

वॉर्डात ती एकटीच होती. फुलपाड्यातल्या या हॉस्पिटलात परवा सकाळी गुरुदत्तकाका गेले. न्यूमोनियातून उठून घरी जायच्या बेतात होते. सलाईनची नळी साफ करायला साधं पाणी सोडायचं निमित्त झालं आणि हृदयच थांबलं. नातेवाइकांनी खिडक्या फोडल्या, पेशंट दुसरीकडे हलवले, नोकरमंडळींनी हळूच काढता पाय घेतला. पाणी सोडणारी होती स्वप्ना, सहा महिन्यांपूर्वी लागलेली नर्स. सगळं तिच्यावर शेकलं होतं.

ती सिरिंज कुणी भरली होती, हे इझाबेलला आता कळलं होतं. रात्रपाळी संपवून सांडोरला घरी जाण्याआधी सकाळच्या सिरिंजा भरायच्या, ट्रेमध्ये ओळीने मांडायच्या, वर स्वच्छ रुमाल झाकायचा, हा तिचा अठरा वर्षांचा शिरस्ता. नियमात बसत नव्हतं, पण कुणी हटकलंही नव्हतं. पुढच्या पाळीच्या पोरींची धावपळ तेवढीच वाचते. घरी झाकून ठेवायला कुणाचं ताट नव्हतं, ती हौस इझाबेल इथे भागवून घ्यायची.

तिने काचा खोक्यात भरल्या, टोपी नीट केली आणि डॉक्टर जयवंतांच्या केबिनचं दार ढकललं.

आत स्वप्ना बसली होती. डोळे सुजलेले. डॉक्टर तिचा जबाब लिहून घेत होते.

"सर, मला काही सांगायचंय."

"बसा, सिस्टर. आधी हिचं होऊ दे. पाच वाजता पोलीस येतायत." ते स्वप्नाकडे वळले. "खरं सांग. सिरिंज तू भरलीस?"

"नाही हो सर. आपण ड्युटीवर आलो की भरलेल्याच असतात ना. मी लागल्यापासून तसंच आहे."

"कोण भरतं?"

"काय माहीत. मला वाटलं, आयामावशी भरत असतील. मी कधी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "इतरांनाही विचारून झालं. कुणालाच पत्ता नाही. म्हणजे आता कळायला मार्ग नाही. जिने दिलं तिचंच नाव जाणार, स्वप्ना. मी तरी काय करू?"

इझाबेलचा जीव खरं तर भांड्यात पडायला हवा होता. गप्प बसली तर ती सुटली होती, दोन वर्षांवर आलेल्या निवृत्तीसकट. पण तिला भरून आलं ते भलत्याच गोष्टीने. अठरा वर्षांत किती पोरी आल्या नि गेल्या, आणि एकीलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मी भरते," ती म्हणाली. "परवाचीही मीच भरली. काचेवरचं नाव बघितलं नाही, हाताच्या सवयीने उचलली. पोरीला घरी जाऊ द्या, सर."

स्वप्नाने मान वर केली आणि तिच्याकडे पाहतच राहिली.

डॉक्टरांनी लिहिलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली, नवा कागद घेतला, वर तारीख घातली. पेन तिथेच थांबलं.

"सिस्टर," कागदावरची नजर न काढता ते म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय?"