भिंतीकडची जागा

मी तुळई बोलतेय. मान वर करून बघा, या वर्गाचं अख्खं छत, म्हणजे धाबं, मी डोक्यावर घेतलंय. बोलायची मला सवय नाही, इतकी वर्षं कुरकुरण्यावरच भागवलं. पण आज बोलले नाही तर पुन्हा जमायचं नाही.

मी सातपुड्याच्या सागाची. शिंदखेड्याकडच्या या गावात शाळा आली तेव्हा मला बैलगाडीतून आणलं, हळदकुंकू लावून दोन भिंतींवर चढवलं. माझ्यावर आडव्या कड्या, त्यांवर काटक्या आणि वर मातीचं धाबं. खाली पोरांचा गलका सुरू झाला आणि मला जन्माचं सार्थक वाटलं.

धाबं म्हटलं की ते गळणारच. त्यावर इथला उपाय एकच, उन्हाळ्यात पांढऱ्या खाऱ्या मातीचा थर. आधी जुनी माती खरवडून काढावी आणि मग नवी टाकावी, हे घरच्या धाब्यावर प्रत्येकाला कळतं. शाळेच्या धाब्यावर खरवडायला कोण चढतो? शाळा सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. थरावर थर चढत गेले. पुढे माझ्या भिंतीतल्या टोकाला वाळवी लागली, भुसा गळू लागला, तर त्यावरही आणखी माती! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

त्याच टोकाखाली भिल्लाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली, पोरं बसतात. त्यांना तिथे बसा असं आता कोणी सांगतही नाही. कोण्या जुन्या मास्तरांनी एकदा बसवलं, तेव्हापासून नवं पोर आपणहून त्या गळक्या भिंतीकडे जातं. माणसांची ही सवय मला वाळवीपेक्षा वाईट वाटते.

त्यांतली मंगली एकटीच वर बघते. मागच्या थंडीत ती लताबाईंना म्हणाली, "बाई, देखा ना, पाटीवर भुसा पडी ऱ्हायना."

लताबाई नुकत्याच धुळ्याहून प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. मुलांना गोलात बसवायचं, कोणी पुढचं नाही, कोणी मागचं नाही, असं तिथे शिकवलं म्हणे. बाईंनी वर पाहिलं, मंगलीची पाटी पदरानं पुसली आणि त्याच दिवशी सगळ्या पोरांचा गोल वर्गाच्या दाराकडच्या बाजूला केला. मंगली सरपंचांच्या नातवाशेजारी बसली. माझ्या त्या टोकाखाली नुसती सारवलेली जमीन राहिली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग बाई मुख्याध्यापकांशी बोलल्या. तोताराम गुरुजी माणूस वाईट नाही, भित्रा आहे.

"गुरुजी, तुळई कामातून गेलीय. तालुक्याला कळवा."

"कळवलं की खोली बंद करतील, बाई. नवी कधी मिळेल कोण जाणे. तोवर गावातली पोरं देवळात बसतील. भिल्लाटीतल्यांना तिथे कोण बसू देणार? ती एकदा ढोरांमागे गेली की परत येत नाहीत."

गुरुजींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"या उन्हाळ्यात चांगला जाड थर देऊ," गुरुजी म्हणाले. आणि दिला.

आता श्रावणाची झड लागलीय. वरची सगळी माती पाणी पिऊन बसलीय. लताबाईंना प्रशिक्षणाच्या दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा धुळ्याला बोलावलंय. आणि आज पुण्याहून एक साहेब आलेत, वस्त्यांवरची पोरं शाळेत टिकतात का, याचा अभ्यास करायला.

गुरुजी सकाळपासून छत्री घेऊन भिल्लाटीत फिरत होते. कधी न येणारी पोरंही त्यांनी गोळा केली. वर्गात येऊन म्हणाले, "गोलबिल काही नको, साहेबांना वाटेल बाजार भरलाय. बठ्ठा रांगमा बसा रे!"

रांगा म्हटल्यावर भिल्लाटीतल्या पोरांना काय सांगावं लागतं? पुढे जागा असूनही ती आपल्या जुन्या जागी गेली. भिंतीकडे एकमेकांना खेटून बसली.

साहेब दारातूनच खूश झाले. "वा, मागेसुद्धा भरगच्च आहे की!"

माझं टोक आत्ताच भिंतीतून सरकलं. आता भुसा नाही, ओली माती पडतेय. मंगलीनं वर पाहिलं आणि हात वर केला.

"साहेबांनी प्रश्न विचारायच्या आधीच हात?" गुरुजी हसले. "बस खाली."

"गुरुजी, वरथीन..."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. सांगितलं की बसायचं, एवढं मात्र या शाळेनं तिला पक्कं शिकवलंय.

मंगली, जमेल तेवढं मी धरून ठेवते. पण तू ऊठ बाई. शेजारच्यांना ओढ आणि दाराकडे पळ. आजचा दिवस गुरुजींचं ऐकू नकोस.