न बांधलेली पट्टी

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, रक्तदाब मोजायची. दचकू नका. दचकायचं काम या इमारतीत माझ्याकडे आहे. दार जरा जोरात आपटलं, कुणी ट्रे खाली टाकला, की माझ्या काचेच्या नळीतला पारा थरथरतो आणि बराच वेळ थांबत नाही. स्वभावच तसा आहे, काय करणार? पण भित्र्यांना राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथल्या बायका ओळीने बसून काचेच्या नळ्या उजेडात धरायच्या आणि एक डोळा मिटून वाकड्या-सरळ निवडायच्या. माझी नळी बघून एकीने दुसरीला कोपर मारलं होतं. "ही बघ, सुईसारखी सरळ." आयुष्यात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी अजून जपून ठेवलंय.

माझ्या बहिणी साध्या होत्या. त्या दवाखान्या-दवाखान्यांत गेल्या. मी मात्र संशोधनासाठी बनवलेली, म्हणून माझ्या कुशीला एक चकती आहे. मोजण्याआधी ती फिरवायची. ती फिरली की माझ्या पोटातला पारा असा सरकतो की दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो. किती जास्त, ते मोजणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोजून झालं, पट्टीतली हवा गेली, की पारा खाली येऊन जिथे थांबतो, तेवढा आकडा जास्तीचा. तो वजा केला की खरा आकडा.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण माणसाच्या डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं. डॉक्टरला वाटतं आपलं औषध लागू पडलंय, मग पाराही त्याला दोन रेघा खालीच दिसतो. तो खोटं बोलत नसतो, नुसता आशेवर असतो. त्या आशेला लगाम घालायचा म्हणून मी.

वजाबाकी आली की माणसं पळतात. या सरकारी रुग्णालयात मी आले, एक अभ्यास झाला, मग मला "डोकेदुखी" असं नाव ठेवून कपाटावर चढवलं. उन्हाळ्यात खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराशी लावून ठेवायचे. विचार करा! दार आपटण्याला जी सगळ्यात जास्त घाबरते, तिलाच दाराशी.

तिथून मला उचललं मॅडमनी. मॅडम म्हणजे औषध विभागाच्या प्रमुख. ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, आणि तो शोधत सगळीकडे फिरणार. त्यांच्या मनात एक प्रश्न होता. वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या ज्या माणसांचं बीपी आता ताब्यात आहे, त्यांची गोळी अर्धी केली तर चालेल का? पाय सुजतात, उठताना चक्कर येते, ती माणसं जरा सुखी होतील. प्रश्न चांगला होता. आजही माझं तेच म्हणणं आहे. नियमही चांगला होता: बीपी ठरलेल्या रेघेच्या वर गेलं, की त्याच दिवशी पूर्ण गोळी पुन्हा सुरू.

"साधं यंत्र नको," मॅडम म्हणाल्या. "मला ही अर्धी गोळी चालावी असं फार वाटतंय, म्हणूनच नको."

असं स्वतःबद्दल बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

मोजायचं काम होतं सिस्टरकडे. तिचे हात गार असायचे, म्हणून पट्टी बांधण्याआधी ती ते एकमेकांवर चोळायची. रुग्णाला खुर्चीत बसवायची, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि पाच मिनिटं गप्प. ही पाच मिनिटं लोकांना फार जड जायची. गप्प बसायची सवयच नाही ना कुणाला!

सगळ्यात जड जायची शिवणवाल्या मावशींना. त्यांचं घरी शिवणकाम होतं, शाळेच्या गणवेशांपासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकवून यायच्या.

"पोरी, बोलू दे की जरा. पोटात शब्द राहिले तर बीपी वाढेल माझं."

"मावशी, तोंड बंद."

"तू सासू शोभशील बघ कुणाची तरी."

आणि मग खरंच गप्प बसायच्या, गाल फुगवून, लहान मुलीसारख्या. एकदा माझ्या पट्टीची शिवण उसवलेली त्यांना दिसली. "अगं, हिचे हाल बघ. हवा सुटेल ना बिचारीची." लगेच पिशवीतून सुईदोरा काढला आणि मला मांडीवर घेऊन दुहेरी टीप घातली. मला मांडीवर! आजवर मला टेबलावर, कपाटावर, दाराशी ठेवलं होतं. मांडीवर कुणी घेतलं नव्हतं.

मग सिस्टरच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती लांबच्या रजेवर गेली. जाताना तिने मला एका अंगावर कलतं केलं, पारा पोटात उतरू दिला आणि नळीच्या तळाची खिट्टी बंद केली. म्हणजे पारा सांडत नाही. "नीट राहा गं," म्हणाली.

तिच्या जागी आला हिरो. नाव मी घेत नाही. सगळा वॉर्ड त्याला हिरोच म्हणायचा. मॅडमचा लाडका शिकाऊ डॉक्टर, केस नेहमी नुकतेच विंचरल्यासारखे. मला कसं वापरायचं हे मॅडमनी सगळ्यांना दाखवलं, तेव्हा हा दाराबाहेर फोनवर हसत होता. आत आला तेव्हा टाळ्या वाजत होत्या, त्यानेही वाजवल्या.

त्याची पद्धत सोपी होती. माणूस आला, बसला. "काही त्रास?" "नाही." लिहिलं. माझं झाकण उघडायचंच नाही. झाकणावर चहाचा कप ठेवायचा. सुरुवातीला मला वाटलं, आज घाईत असेल. मग वाटलं, उद्या तरी. चहाच्या गोल डागांवर डाग पडत गेले आणि मला कळून चुकलं की हा मला कधीच उघडणार नाही.

मावशी आल्या त्या दिवशी त्यांच्या गळ्यात टेप नव्हती.

"डॉक्टर, डोकं जड झाल्यासारखं वाटतंय. सुईत दोरा ओवताना दोन-दोन भोकं दिसतात."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल, मावशी."

"पट्टी नाही का बांधायची?"

"तुमचा चेहराच सांगतोय, टकाटक आहात. अर्धी गोळी चालू ठेवा."

मावशींनी पुढे केलेला हात तसाच मागे घेतला. थोडा ओशाळून, जणू आपणच काहीतरी जास्तीचं मागितलं. मी झाकणाखाली ओरडत होते. बांध! एकदा बांध, मूर्खा! खिट्टीमागे माझा पारा धडका मारत होता. बाहेर चहाच्या कपात साधी लहरही उठली नाही.

त्यानंतर मावशी आल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. त्यांची लेक ढकलत होती. आमच्या खोलीसमोरच व्यायामाची खोली आहे, तिचं दार उघडं असतं. मावशींच्या उजव्या हातापुढे मोठ्या बटणांची वाटी ठेवली होती. एक उचलायचं, दुसऱ्या वाटीत टाकायचं. बोटं बटणापर्यंत जायची आणि तिथेच राहायची. तोच हात. ज्याने मला टीप घातली तो.

"आई, सावकाश," लेक म्हणाली.

"सावकाशच चाललंय गं. यापेक्षा सावकाश गेले तर उलटी जाईन." हे बोलताना शब्द ओठाच्या एका कडेने निसटत होते.

मॅडमनी हिरोला मावशींच्या झटक्याबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "त्यांचं बीपी छान होतं, मॅडम. वय झालं की असं होतं." आणि मॅडमनी मान डोलावली. माझा मॅडमवरही राग आहे. स्वतःच्या आशेला लगाम हवा म्हणूनच मला उचललं होतं ना? मग लाडक्या पोराच्या बाबतीत तो कुठे गेला?

त्या दिवसापासून मला सूड हवा होता. उगाच गोड बोलत नाही. मी दिवसाउजेडी स्वप्नं बघायचे: नळी फुटलीये आणि माझा पारा थेंबाथेंबाने त्याच्या बुटात शिरलाय. माझी पट्टी त्याच्या गळ्याभोवती आहे आणि कुणीतरी फुगा दाबतंय, दाबतंय. मग बाहेर ट्रे पडायचा आणि मी दचकून जागी व्हायचे. भित्र्या जिवाचे सूड असेच अर्धवट राहतात.

पण अभ्यास संपला आणि निकालाची बैठक ठरली. रजेवरून परतलेल्या सिस्टरने खोली आवरताना माझ्यावरचे डाग पाहिले, पुसले, आणि बैठकीच्या खोलीत मला कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवलं. संशोधनाचं यंत्र म्हणून, शोभेला.

अधीक्षक मधल्या खुर्चीत बसले होते. हिरो पडद्यापुढे उभा राहिला. आवाज काय, ऐट काय! अर्ध्या गोळीवर सगळे ठणठणीत, एकाचंही बीपी वाढलं नाही.

"वा!" अधीक्षक म्हणाले. "मग थांबायचं कशाला? सोमवारपासून बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांना अर्धी गोळी. औषधाचा तुटवडा आहेच."

सगळ्यांना! म्हणजे बाहेर बाकांवर दाटीवाटीने बसणाऱ्या त्या सगळ्या माणसांना. प्रत्येकाला दोन हात होते आणि त्या हातांवर कुणाचं तरी पोट होतं. माझी काच घामाने धुरकटली असती, काचेला घाम येत असता तर.

मॅडम चष्मा शोधत होत्या. डोक्यावर सापडला. त्यांनी तो लावला आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"वरचा आकडा सरासरी शहाण्णव?"

"हो मॅडम. अपेक्षेपेक्षाही चांगला."

"खालचा अठ्ठावन्न. ही माणसं खोलीत चालत आली होती?"

"हो मॅडम."

"स्वतःच्या पायांनी? इतक्या कमी बीपीवर यातली अर्धी तरी दारात भोवळ येऊन पडायला हवी होती."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना कळलं होतं, आणि मलाही त्याच क्षणी कळलं. न मोजता डॉक्टरचा हात जो आकडा लिहितो तो निरोगी माणसाचा, एकशेवीसच्या आसपासचा. याने तो लिहिला, चकतीच्या वाढीचा आकडाही मनानेच टाकला, आणि विसरला की पुढे वजाबाकी होते. खरंच मोजलं असतं तर आधीचा आकडा वाढीव आला असता. याने निरोगी माणसाच्या आकड्यातूनही वीस-पंचवीस काढून घेतले होते. ही चूक डॉक्टरच करू जाणे.

"सिस्टर, पेटी आण इकडे," मॅडम म्हणाल्या. आणि हिरोकडे वळून बाही वर केली. "माझं मोज. सगळ्यांसमोर."

हिरोने झाकण उघडलं. पहिल्यांदा. पट्टी बांधली, उलटी. सोडून पुन्हा बांधली. फुगा दाबू लागला. पट्टी फुगली. पारा हलला नाही.

त्याने आणखी दाबलं.

"माझा हात काळानिळा पडेल," मॅडम म्हणाल्या. "पारा कुठे आहे?"

"मशीन... मशीन खराब आहे, मॅडम."

मी काही केलं नाही. शपथेवर सांगते, काहीच केलं नाही. नुसती पडून राहिले, जशी त्याच्या चहाच्या कपाखाली पडून होते. यापेक्षा गोड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मॅडमनी दुसऱ्या हाताने माझ्या नळीच्या तळाशी बोट नेलं आणि खिट्टी फिरवली. पारा सपकन वर उसळला, इतका की अधीक्षक खुर्चीत मागे सरकले. एकदा तरी मी दुसऱ्याला दचकवलं!

"सिस्टर गेल्यापासून ही बंदच आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "एकदाही उघडली नाहीस?"

तो खिट्टीकडे बघत राहिला. असं काही असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

अर्धी गोळी रद्द झाली. अभ्यासातल्या प्रत्येकाला बोलावून पूर्ण गोळी सुरू केली. हिरोला संशोधनातून काढलं, त्याची चौकशी बसली. मॅडमनी प्रमुखपद सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पण त्याआधी त्यांनी त्याला मला उचलायला लावलं आणि समोरच्या खोलीत मावशींपुढे उभं केलं. "सांग यांना. माझ्यादेखत."

त्याने सांगितलं. अडखळत, खाली बघत. शेवटी म्हणाला, "मावशी, मला माफ करा."

"आधी मोज," मावशी म्हणाल्या.

त्याने पट्टी उचलली. मावशींनी डावा हात वर करून त्याला थांबवलं.

"असं नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. तूही बस."

ते समोरासमोर बसले. लेक खुर्चीमागे उभी होती. मावशींनी गाल फुगवले नाहीत. नुसतं त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने एकदा तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तो रडायला लागला, तरी त्यांनी नजर काढली नाही. माझी स्वप्नं, तो पारा, तो गळा, सगळं त्या नजरेपुढे पोरकट वाटलं मला.

मग त्याने मोजलं. नीट, चकती फिरवून, वजाबाकी करून. मावशींनी आकडा ऐकला, लेकीला म्हणाल्या, "चल." माफीचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मीही दिलेलं नाही. देणारही नाही.

आता पाऱ्याची यंत्रं वापरायची नाहीत असं ठरलंय. पारा विषारी असतो म्हणतात, आणि ते खरंच आहे. मला एका जाड प्लास्टिकच्या पिंपात घालून नेणार आहेत. उद्या, परवा, केव्हाही. पिंपाचं झाकण आपटून लावतील बहुतेक. मी दचकेन.

जाता जाता तुमच्याकडे एकच मागते. कधी कुणी तुमच्या दंडाला हातही न लावता तुमचा आकडा लिहू लागलं, तर ओशाळू नका. हात मागे घेऊ नका. तसाच पुढे धरून ठेवा, त्याची बांधायची इच्छा होईपर्यंत. त्याला घाई असेल, तो वैतागेल, मागची रांग कुरकुरेल. कुरकुरू दे. म्हणा, "बांधा."