चट्टा बरा झाला

दृश्य पहिलं. स्वयंपाकघर, सकाळ.

मालिकेत मारामारी झाली की जखम आपोआप होत नाही, ती रंगवावी लागते. ते काम करणाऱ्या बाईला सेटवर सगळे जखमाबाई म्हणत. या जखमाबाईंचा स्वतःचा डावा दंड मात्र महिनाभर सोलून निघाल्यासारखा हुळहुळत होता. बाही घासली तरी जीव कळवळायचा. दिसायला? काही नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून दंड उजेडात धरला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? चांगला गुळगुळीत तर आहे."

"हात लावला की आग होते हो, आई."

"माझंही बरंच काही दुखतं. म्हणून ओल्या चादरी स्वतःहून दोरीवर चढतात का?"

डॉक्टरांच्या तपासण्या उत्तम आल्या. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. नवऱ्याने तो सल्ला लगेच पाळला.

तेच दृश्य, पुन्हा.

जखमाबाईंनी कामावरची पेटी घरी आणली आणि दंडावर चट्टा रंगवला. कडेला लाल, मधे जांभळट, वर दोन फोड. दुखऱ्या कातडीवर स्पंज फिरवताना डोळ्यांत पाणी आलं, तेही उपयोगी पडलं.

"अगं बाई," सासूबाई मटकन खाली बसल्या. "आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"बोलले होते."

"नुसतं बोलून कुणाला कळतं? दाखवायचं असतं."

चादरी नवऱ्याने वाळत घातल्या. नणंद फोटो पाहून फोनवर रडली. दंडाला कुणी बोट लावेना. दुखणं तसूभरही हललं नाही, पण सोसायला सोपं झालं.

मधला तुकडा. (खरं तर कापायला हवा होता.)

घात केला तो सवयीने. कालची जखम आज जशीच्या तशी दिसली तर प्रेक्षक हसतात. ती रोज थोडी उतरवावी लागते. जखमाबाईंचा हात रोज सकाळी नकळत एकेक छटा उतरवत गेला. लाली गेली, फोड बसले, कडा पिवळसर झाल्या. इतकं सुरेख काम त्यांनी सेटवरही केलं नव्हतं. भानावर आल्या तेव्हा उरली होती फिकट सावली. पुन्हा लाल लावावा म्हणून ब्रश बुडवला, पण भरत आलेली जखम एका रात्रीत ताजी करायची? असलं भिकार काम करायला हात धजेना.

शेवटचं दृश्य. तेच स्वयंपाकघर.

"बघू," सासूबाईंनी चष्मा लावला. "गेला गं. डागसुद्धा नाही."

"दुखतंय अजून, आई."

"आता कसं दुखेल? बरा होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय." आणि मायेने त्यांनी तो दंड दोन्ही हातांनी घट्ट दाबला.

जखमाबाईंचा श्वासच अडकला. तोंडातून आवाज फुटेना.

"बघ, हूं की चूं केलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या आणि ओल्या चादरींची बादली पुढे सरकवली.