पहिलं पाणी

मी एक जुना लाकडी टब आहे. हिनोकी या जपानी झाडाच्या फळ्यांचा, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेला. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू आपली गोष्ट सांगताना गोड बोलतात. मला ते जमणार नाही, कारण मी रागावलेलो आहे.

तो शेवटचा साधा दिवस आधी सांगतो. बाहेर बर्फ होतं. मित्सुए गुडघे टेकून मला घासत होती. तिचा उल्लेख मी एकेरीत करतो, कारण ती नवी नवरी म्हणून किसोच्या डोंगरातल्या या घरात आली, त्याच वर्षी मलाही इथे आणून बसवलं. तेव्हापासून मला घासणारी ती, भरणारी ती, पाणी तापलं का हे कोपर बुडवून पाहणारीही ती. माझ्यात उतरायची मात्र सगळ्यांच्या शेवटी. आधी सासरा, मग नवरा एइजिरो, मग सासू, मग मुलगी माकिको. सासू-सासरे गेले, माकिको नोकरीसाठी नागोयाला गेली, तरी मित्सुएची जागा शेवटचीच राहिली. बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग माझ्यात येऊन नुसतं शेकत बसायचं, अशी इथली रीत. त्यामुळे एकच पाणी सगळ्यांना पुरतं. घाण होत नाही, पण गार होतं.

त्या आठवड्यात माकिको घरी आली होती आणि तिच्याबरोबर तिची मैत्रीण थुई. थुई व्हिएतनामची, माकिकोच्याच ऑफिसात काम करणारी. पाहुणीचा मान पहिला. ती धुतलेल्या अंगाने माझ्यात येऊन मनसोक्त बसली आणि निघताना चांगल्या वळणाच्या मुलीसारखं माझं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं.

एइजिरो खांद्यावर टॉवेल टाकून आला आणि माझ्या रिकाम्या पोटाकडे बघत राहिला.

"अगं मित्सुए, तुझ्या पाहुणीने तळं आटवलं."

थुईचा चेहरा पडला. "काकू, मी बसलेलं पाणी तुम्हाला कसं द्यायचं, म्हणून..."

"बरं केलंस पोरी," मित्सुए म्हणाली. "हे आत बसले की बटाटे उकडून निघतील इतका वेळ बाहेर येत नाहीत."

"पुन्हा भरेपर्यंत मी काय इथे खांबासारखा उभा राहू? मी आज नाही उतरत," असं म्हणून एइजिरो टीव्हीसमोर जाऊन बसला. माकिकोला सर्दी होती, तीही उतरणार नव्हती.

"मग काकू, तुम्हीच जा."

"मी शेवटी जाते गं."

"आज शेवटीही तुम्हीच आहात आणि आधीही तुम्हीच."

मित्सुए हसली आणि तिने मला कढत पाण्याने पुन्हा भरलं. माझा काठ उंच आहे आणि तिचे गुडघे गेलेले, म्हणून थुईने तिला हात धरून उतरवलं. मित्रांनो, माणसाचं म्हातारपण मला पाण्यावरून कळतं. नवी नवरी उतरायची तेव्हा पाणी काठापर्यंत चढायचं, थोडं बाहेरही सांडायचं. वर्षागणिक ते कमी चढायला लागलं. त्या दिवशी ती उतरली तर पाणी जेमतेम हललं. इतकी कमी झाली होती ती, आणि घरात ते कोणालाच कळलं नव्हतं.

मित्सुए गळ्यापर्यंत बुडाली आणि तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, याला वास आहे."

"कसला, काकू?"

"लाकडाचा. येणारे-जाणारे म्हणायचे, काय छान वास येतो. मला वाटायचं, लोक उगाच आपलं बरं बोलतात."

म्हातारपणी माझा वास थोडाच उरलाय, आणि तो कढत पाण्याच्या पहिल्या वाफेबरोबर उडून जातो. या घरात त्या वासाचं कौतुक पुष्कळ झालं. पाहुण्यांनी केलं, शेजाऱ्यांनी केलं, एइजिरोने तर मालकाच्या ऐटीत ऐकून घेतलं. आणि जिने मला जन्मभर घासलं, तिला तो तोवर माहीतच नव्हता. माझा राग तिथे सुरू झाला. तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थुईने सगळ्यांसमोर म्हटलं, "काकू, आजही तुम्ही आधी जा ना. आमच्याकडे घासही म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय तोंडात घालत नाहीत."

"काल झाली की माझी चैन," मित्सुए म्हणाली.

"पाहुणीने आधी जायचं," एइजिरो म्हणाला. "घराला काही रीत आहे की नाही?"

माकिको संत्रं सोलत होती. तिने मान वर केली, तोंड उघडलं, आणि त्यात संत्र्याची फोड टाकली.

थुई उतरली. एइजिरो उतरला, बराच वेळ बसला. सर्दी कमी झालेली माकिको उतरली. मग भांडी आवरून, दारातलं बर्फ लोटून, हातपाय गारठवून मित्सुए आली. पाणी पुन्हा तापवायचं बटण भिंतीवर आहे, हात लांब केला की पोचतं. एकटीसाठी ते तिने कधीच दाबलं नाही. त्या दिवशीही दाबलं नाही.

ती माझ्यात बसली आणि परत उठली नाही.

मला हाक मारता येत नाही. भिंतीपलीकडे थुईने दोनदा विचारलं, "काकूंना फार वेळ नाही का लागला?" एइजिरो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तिला नेहमीच वेळ लागतो."

शेवटी थुईच उठून आली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, थंडीत म्हातारी माणसं अशी जातात. नातेवाईक म्हणाले, हा जुना टब नको, याचा काठ उंच, यानेच घात केला. एक माणूस येऊन माझी लांबी-रुंदी मोजून गेला. माझ्या जागी प्लास्टिकचा बुटका टब येणार आहे. येऊ दे. पण मित्रांनो, सगळ्यांनी माझा काठ मोजला. त्या घरात कोण कितवं उतरायचं, ते कोणी मोजलं नाही. बुटक्या टबातलं पाणीही चौथ्या माणसापर्यंत गार होतं.

अशा गोष्टीच्या शेवटी म्हणायचं असतं, जुन्या वस्तूंना जपा. मला जपू नका. माझ्या फळ्या चुलीत गेल्या तरी चालतील. तुमच्या घरात शेवटी कोण उरतं, एवढं आज बघा. तो माणूस हसून "मला चालतं" म्हणेल. त्याचं ऐकू नका.

काल माझी शेवटची संध्याकाळ होती. थुई परत गेली होती. माकिकोने मला आईसारखंच गुडघे टेकून घासलं, भरलं, कोपर बुडवून पाहिलं. एइजिरो टॉवेल घेऊन आला. तोही वाळलाय आता, बरगड्या दिसतात. माकिको दारातून हलली नाही.

"तापलं नाही का?" त्याने विचारलं.

"तापलंय."

"मग?"

"बाबा, शेवटी पाणी गार असतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्याने टॉवेल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मलाही ठाऊक होतं," माकिको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आई बाहेर आली की तिचे दात वाजायचे. आपण दोघं शेकून पांघरुणात असायचो आणि ते ऐकायचो. 'आई, आधी तू जा', इतकंच म्हणायचं होतं मला. लहानपणापासून. तुमच्यासमोर."